न दाखवलेला सूर

आमच्या इमारतीच्या मागे एक शाळा आहे. डिसेंबर लागला की तिच्या मैदानावर फक्की पडते. फक्की म्हणजे रेषा आखायची ती पांढरी भुकटी. शिपाई पिशवीचं तोंड थोडंसं उघडं धरून वाकून मागे मागे चालत जातो आणि त्याच्या पावलांपुढे रेषा उमटत जाते. वारा असला तर तिचा चुनकट वास चौथ्या मजल्यापर्यंत येतो. मी खिडकी लावून घेते. हातात पुस्तक असलं तर ते मिटत नाही, पण त्या पानाच्या पुढेही जात नाही.

मागच्या वर्षी याच दिवसांत शैलाताई गेली. ती माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. परळच्या एका शाळेत ती पी.टी.ची शिक्षिका होती आणि त्याच शाळेत मी नववीत होते. वर्गात मी तिला बाई म्हणायचे, घरी ताई. शाळेच्या फाटकापासून आमच्या चाळीच्या जिन्यापर्यंत काय म्हणायचं हे ठरलेलं नव्हतं, म्हणून त्या रस्त्यावर आम्ही फारशा बोलत नसू.

मला जो हिवाळा आठवतो तो संपाचा. संपाला वर्ष होत आलं होतं. बाबा गिरणीत मागावर होते, म्हणजे असायचे. चिमण्यांमधून धूर येत नव्हता, त्यामुळे लालबागचं आभाळ कधी नव्हे इतकं स्वच्छ दिसायचं. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसेनाशी झाली होती. आई कपडे काढून आणताना एकेक झटकून बघायची आणि म्हणायची, “पांढरे निघतत गो. पण बरां नाय वाटत.” आमचं घर तेव्हा ताईच्या नोकरीवर चाललं होतं आणि ती नोकरी अजून कायम झालेली नव्हती. जूनमध्ये तिची दोन वर्षं पुरी व्हायची होती. घरात कुणी जून हा शब्द उच्चारत नसे, पण जेवताना, पाणी भरताना, सगळं त्याच्याच दिशेने चाललेलं असायचं.

शाळेत पी.टी.चे शिक्षक दोन. माने सर पन्नाशीच्या पुढचे, दम्याचे. त्यांच्याकडे मुलगे आणि शिस्त. उशिरा येणाऱ्यांना फाटकावर अडवणं, नखं बघणं, केस वाढलेल्यांना ओळीतून बाहेर काढणं, असं सगळं करून त्यांच्याकडे खेळापुरता श्वास शिल्लक राहत नसे. ताईकडे मुली. चक्कर आलेल्या मुलीला झोपवायचं, घरी सोडायचं. “बाई, अडचण आहे,” असं कानाशी पुटपुटणारीला सावलीत बसवायचं. गॅदरिंगला साड्या नेसवायच्या, बक्षीस समारंभाला रांगोळी, पाहुण्यांना गुच्छ. आणि या सगळ्यातून जो तास मोकळा राहील तो दुसऱ्या कुणाला तरी हवा असायचा. गणिताच्या बाई स्टाफरूमच्या दारातूनच हाक मारायच्या.

“शैला, तुझा पाचवा तास घेते हं मी. तुझं काय, मैदान कुठे पळून जातंय?”

“मैदान नाही हो जात. पोरी पळायला हव्यात ना, त्या बसून राहतात.”

बाई हसायच्या, ताईही हसायची, आणि तास जायचा.

संध्याकाळी घरी आली की ती आधी मिठाच्या गुळण्या करायची. दिवसभर उन्हात ओरडून तिचा आवाज जाड झाला होता. शेजारच्या काकी म्हणायच्या, “शैलू, बाईमाणसाचा आवाज असा बरा नव्हे हो, बघायला येतील ते फोनवरूनच पळतील.” आमच्या चाळीत तेव्हा फोन नव्हता. ताई गुळणी थुंकून म्हणायची, “मग फोन येईपर्यंत निवांत आहे, काकी.” पण मग ती भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसायची, पोटऱ्या दाबत. जेवण जात नसे. पोटात जळजळतं म्हणायची. चोवीस वर्षांची होती.

दादरला शालेय स्पर्धांच्या आधी सगळ्या पी.टी. शिक्षकांची बैठक व्हायची. त्या वर्षी मी तिच्याबरोबर गेले होते. वीस-बावीस पुरुष आणि ती. आत पाऊल टाकताच कुणीतरी म्हणालं, “बरं झालं मॅडम आल्या. चहाचं तेवढं बघता का?” ताईने चहाचं बघितलं. पंचांची यादी सुरू झाली तेव्हा तिने हात वर केला. तिची पंच परीक्षा झालेली होती. यादी करणारे सर मान वर न करता म्हणाले, “मुलग्यांच्या मॅचला नको. पोरं ऐकत नाहीत, मॅडम, आमचंच ऐकत नाहीत. तुम्ही गुण लिहायला बसा. बायकांचं अक्षर नीट असतं.”

“माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे,” ताई म्हणाली. “नीट अक्षर हिचं.” आणि तिने मला पुढे केलं. सगळे हसले. त्यात वाईटपणा नव्हता. त्यातल्या निम्म्यांचे तासही असेच कुणीतरी पळवत असणार, त्यांनाही शाळेत कुणी शिक्षक म्हणून धरत नसणार. आपल्याहून खाली बसवायला कुणीतरी मिळालं याचा एक सैलपणा तेवढा त्या हसण्यात होता, असं आता वाटतं. तेव्हा मला फक्त आनंद झाला. पळता न येणाऱ्या, पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या मुलीला मैदानावर एक खुर्ची मिळाली होती.

शाळेचं मैदान लहान आणि एका बाजूला कमरेएवढी भिंत. संप लांबला तशी त्या भिंतीवर माणसं बसू लागली. बसणार कुठे? घरी दहा बाय बाराच्या खोलीत पुरुष दिवसभर बसला तर बाईला स्वयंपाक सुचत नाही. मग ती माणसं सकाळपासून भिंतीवर बसून मुलींचा खोखो बघायची. त्यांच्यात व्यायामशाळेत वाढलेले जुने खेळाडू होते. न राहवून ओरडायचे, “बाई, त्या पोरीचा डावा पाय मागं राहतोय बघा!” ताई बघायची. खरोखर राहत असायचा. “थँक यू, काका,” ती म्हणायची, आणि भिंतीवर दिवसभराचं समाधान पसरायचं. बाबाही अधूनमधून त्या भिंतीवर असत. मात्र ते काही बोलत नसत.

पहिलं वर्षभर ताई ट्रॅकसूट घालायची. मग मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं. हे तिने घरात फक्त मला सांगितलं.

“बाई, माझा तुमच्यावर काही आक्षेप नाही. पण भिंतीवर लोक बसतात. तुम्ही शिक्षिका आहात. साडीत आलात तर बरं.”

“सर, ते माझ्या बाबांबरोबरचे लोक आहेत.”

“म्हणूनच,” मुख्याध्यापक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती साडी नेसून, पदर खोचून, शिट्टी गळ्यात घालून गेली. त्या संध्याकाळी बाबा घरी आले, तिच्याकडे न बघता म्हणाले, “साडी बरी दिसता तुका,” आणि त्यानंतर ते भिंतीवर बसायला गेले नाहीत.

साडीत सगळं करता येतं असं आई म्हणायची. सूर मारता येत नाही. खोखोत पाठलाग करताना पुढची खेळाडू हाताला लागतेय न लागतेय असं झालं की पळता पळता अंग जमिनीवर झोकून द्यायचं, त्याला सूर म्हणतात. ताईचा सूर कॉलेजात प्रसिद्ध होता. आता तिला तो मुलींना नुसता सांगावा लागायचा. हातवारे करून, मैदानावर फक्कीने चित्र काढून. एकदा भिंतीवरून कुणीतरी म्हणालं, “बाई, एकदा मारूनच दाखवा की! नुसतं तोंडानं कसं कळणार पोरींना?” तो टोमणा होता की कळकळ, मला ठरवता आलेलं नाही. ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि शिट्टी वाजवली.

त्या रविवारी आई-बाबा बाहेर गेल्यावर ताईने पलंगाखालची ट्रंक ओढून दाराशी लावली, गाद्या जमिनीवर एकापुढे एक अंथरल्या, बाबांचा जुना पायजमा घातला आणि मला म्हणाली, “तिथे कोपऱ्यात उभी राहा. मी काय करते ते नीट बघ आणि लिही. तुला शब्द येतात. मला नुसतं येतं.”

पळायला जागा नव्हती. दोन पावलं आणि सूर. तिचं अंग गादीवर घासत मोरीच्या कट्ट्यापर्यंत गेलं. ती उठली, पुन्हा दाराशी गेली, पुन्हा. सात-आठ वेळा. खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकलं गेलं. मी ताईला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती, आणि मग पुन्हा पाहिली नाही. मी लिहिलं: ‘शेवटचं पाऊल टाकताना कमरेत वाक. जमिनीकडे बघू नकोस. हात ताठ पुढे टाक आणि छातीवर घसरत जा.’

ताठ हा शब्द मला आवडत होता. आमच्याकडे मुलींना तो नेहमी नकारातच ऐकू यायचा. एवढं ताठ चालू नये, ताठ्यात बोलू नये. मला तो एकदा तरी होकारात लिहायचा होता. ताईने कागद वाचला, ओठ हलवून पुन्हा वाचला. “मस्त लिहिलंस गं. पाठच करून घेते पोरींकडून.”

तिच्या लक्षात आलं नाही. जिला एखादी गोष्ट अंगाने येते तिला शब्द कुठलाही चालतो. ती त्यातून आपल्याला माहीत असलेलंच वाचते. तिचे हात पूर्ण लांब जात, पण कोपरं सैल असत, जमीन लागताच ती आपोआप मुडपत. ते मी पाहिलं होतं आणि लिहिलं नव्हतं. मुलींनी मात्र काही पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्यापाशी तो कागदच होता. त्या प्रार्थनेसारखा एका सुरात म्हणायच्या, हात ताठ पुढे टाक, आणि भिंतीवरची माणसं कौतुकाने हसायची.

सुनंदा आमच्या संघातली सगळ्यात वेगवान. माझ्याच वर्गातली, शिवडीची, कोळ्यांची. तिची आई बाजारात मासळी विकायची. जानेवारीत दादरच्या मैदानावर उपांत्य सामना होता. शेवटच्या पाळीतली शेवटची मिनिटं. मी टेबलाशी गुण लिहीत होते. सुनंदाने खांबाजवळून वळून सूर मारला, समोरच्या मुलीच्या टाचेला तिची बोटं लागली, शिट्टी झाली, गडी बाद. मी आमच्या बाजूला एक गुण लिहिला. तो लिहून झाल्यावर मला किंचाळी ऐकू आली.

मनगटाच्या वरचं हाड मोडलं होतं. ताईने तिला कडेवर घेतलं, चौदा वर्षांच्या मुलीला, आणि टॅक्सीपर्यंत पळत गेली. साडीत. इकडे राहिलेल्या मुलींनी सामना पुरा केला आणि दोन गुणांनी हरल्या.

पुढच्या आठवड्यात शाळा समितीची बैठक झाली. सामन्याची गुणपत्रिका घेऊन मला दाराशी उभं केलं होतं. सुनंदाची आई खुर्चीवर बसायला तयार नव्हती. “माज्या पोरीचा उजवा हात हाय तो,” ती म्हणत होती. “उद्या मासळीची पाटी कोन उचलनार? मी म्हातारी झाल्यावं कोन उचलनार?” समितीचे सचिव लिहून घेत होते. त्यांनी वाचून दाखवलं: मुलीच्या भावी विवाहाच्या दृष्टीने पालकांनी चिंता व्यक्त केली. लग्नाचं सुनंदाच्या आईने काहीच काढलं नव्हतं.

मग हात गळ्यात बांधलेल्या सुनंदाला माने सरांनी जवळ घेऊन विचारलं, “हात असा का गं ठेवलास?”

“बाईंनी ताठ सांगितलेला.”

माने सर ताईकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दम लागलेला होता. “ताठ नाही हो, बाई. लांब. कोपर सैल. तुम्हाला माहितेय की हे.”

“तुम्ही ताठ म्हणालात?” सचिवांनी विचारलं.

“हो. म्हणाले,” ताई म्हणाली. दाराकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

“आणि मुलींना करून दाखवलं होतंत?”

“नाही.”

“का?”

ताईने मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. काचेतलं निळं फूल गोल गोल फिरत होतं. खोलीतल्या तिघांना का ते माहीत होतं: त्यांना, तिला आणि मला. जून पाच महिन्यांवर होता.

“जमलं नाही,” ताई म्हणाली.

मला एकच प्रश्न विचारला गेला. दुखापत सामन्यातच झाली ना? मी हो म्हणाले. आणखी एक वाक्य बोलायला मला जागा होती. शब्द माझा आहे, एवढंच. मी पुष्कळ वाचलेली मुलगी होते, पुस्तकांतली माणसं अशा वेळी बोलतात हे मला माहीत होतं. मी गुणपत्रिका सचिवांच्या हातात दिली आणि बाहेर आले.

समितीने फार कठोरपणा केला नाही. ताईने लेखी माफी द्यावी. मुलींचा खोखो बंद. मुलींना लेझीम आणि कवायत पुरे. ताईच्या निम्म्या तासांना शिवणाचा वर्ग द्यायचा, कारण शिवणाच्या बाई निवृत्त होत होत्या आणि ते काम बाईमाणसाला शोभेल. असं झालं तर जूनमध्ये कायम करायला हरकत नाही.

“तू लिही,” ताई मला म्हणाली. “तुझं मराठी चांगलं आहे.”

मी लिहिलं. ‘माझ्याकडून अनवधानाने चुकीची सूचना दिली गेली.’

“अनवधानाने म्हणजे?”

“म्हणजे... लक्ष नसताना.”

तिने त्या शब्दावर बोट ठेवलं. “लक्ष नव्हतं माझं?”

“तसं लिहितात, ताई.”

“लक्ष तर होतं गं. दुसऱ्या कशावर कुठे होतं?” ती म्हणाली. मग तिने आपल्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरात सही केली.

मैदानावरचे खोखोचे दोन्ही खांब काढले. खड्डे बुजवले, पण त्या जागा कितीतरी दिवस पायाला मऊ लागायच्या. जूनमध्ये ताई कायम झाली. बाबा पेढे घेऊन गॅलरीभर फिरले. “आमचां चेडू कायम झालां!” भिंतीवरची माणसं आमच्या दारात आली, पेढा घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवून गेली. त्यांच्यातल्या कुणालाच तोवर गिरणीत परत जाता आलं नव्हतं. बहुतेकांना पुढेही आलं नाही, बाबांनाही नाही. आमच्या घरात मात्र दिवा लागत राहिला. माझं कॉलेज झालं, एम.ए. झालं, मी मराठीची प्राध्यापक झाले. मुलांच्या वह्यांत चुकीचा शब्द दिसला की मी त्याला गोल करून समासात योग्य शब्द लिहिते. असं आयुष्यभर केलं.

ताईने निवृत्तीपर्यंत काज-बटण शिकवलं. हळूहळू मुली तिला शिवणाच्या बाई म्हणू लागल्या आणि नवे शिक्षक आले त्यांना ती कधी मैदानावर होती हेच माहीत नव्हतं. लग्न तिने केलं नाही. माझ्या मुलांना तिने सायकल शिकवली, पोहायला पाठवलं; खोखोचं नाव काढलं नाही. मी तिला ते एक वाक्य कधीतरी सांगणार होते. तिच्या शेवटच्या आजारात मी रोज सकाळी तिच्या उशाशी बसायचे, वाचून दाखवायचे. सांगायला पुष्कळ सकाळी होत्या.

तेराव्याला फार माणसं नव्हती. दुपारी एक पन्नाशी उलटलेली बाई आली. चपला बाहेर काढून, फोटोपुढे हात जोडून ती माझ्याजवळ येऊन बसली.

“वळखलं नाय ना? सुनंदा. शिवडीची.”

मी चाळीस वर्षांनंतर विचारलं, “हात कसा आहे?”

ती हसली. “हात? तो दीड महिन्यात बरा झाला. त्याच हातानं पाटी उचलते अजून.” मग ती फोटोकडे बघत म्हणाली, “प्लास्टर निघालं तशी मी मैदानात गेलेली, खेळायला. बघते तर खांबच नाय. मग शिवणाच्या वर्गाशी गेले. दारात उभी राहिले. बाईंनी मला बघितलं नि खाली मान घालून सुई ओवायला लागल्या. बोलल्या नाय. मी म्हटलं, रागावल्या. मॅच माझ्यामुळं गेली ना. मी मधेच पडले नसते तर काढली असती आपण.”

“ती तुझ्यावर रागावली नव्हती गं.”

“मग?”

मी तेव्हा सांगितलं. तो कागद मी लिहिला होता, ताठ हा शब्द माझा होता, ताईचा नव्हे, आणि बैठकीत मी दाराशीच उभी होते. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं, व्याकरणशुद्ध बाहेर आलं.

सुनंदाने ऐकून घेतलं. पदराने कपाळ पुसलं.

“हे मला काय सांगतेस?” ती म्हणाली. “बाईंना सांगायचं होतंस.”